ळ नसलेला संच

चरईतल्या कारखानीसांच्या छापखान्यात
लाकडी खिळ्यांचा तो संच आला तेव्हा
पेटीत भुसा होता, झुरळाची अंडी होती
आणि वीत-वीत उंचीची अक्षरं:
पोटात वेल, पाठीला सावली,
शिरोरेषेच्या टोकांना मिशांसारखे पीळ.
'क' तर असा, की ढेरी सावरत
मांडवात शिरणारा वरबाप.

फक्त 'ळ' नव्हता.
ज्यांनी संच कोरला
त्यांचं त्याच्यावाचून अडत नसावं.

ठाण्यात अडलं.
टेंभी जमली, कोपरी जमली, नौपाडा जमला.
जांभळी नाका जमेना,
तलावपाळी जमेना.
खिळाजुळारी हिराजी भोईर खाडीपलीकडून यायचा,
त्याचं तर गावच जुळेना.
महिनाभर त्यानं 'ल' लावून वेळ मारून नेली.
'कलवा' वाचून लोक नुसते हसले,
पण नाटकाच्या जाहिरातीत
'काळजाचा तुकडा'चा 'कालजाचा' झाला
तेव्हा नायक स्वतः भांडायला आला,
मेकअपसकट.

त्या रात्री हिराजीनं
बापाच्या मोडक्या वल्ह्याचं पातं कापलं.
पटाशी, कानस, कंदील.
सकाळी पेटीत 'ळ' होता.
वेल नाही, सावली नाही.
नुसत्या दोन वाट्या, आणि शाई लागली की
त्यांच्यात उमटणाऱ्या लाकडाच्या रेषा,
ओहोटीनंतर चिखलावर राहतात तशा.

छापखाना गेला. पेटी माझ्याकडे आली.
दोन वर्षं मी ती अक्षरं
पडद्यावर उतरवते आहे, बिंदू-बिंदू ओढत.
सोबत एक कागद द्यायचा असतो, कुठे वापरावं याचा.
मी लिहिलं:

मिसळीच्या हॉटेलची पाटी. लोणच्याची बरणी.
जत्रेची कमान, जादूगाराचा तंबू,
पहिल्या प्रयोगाची तारीख.
बारीक करू नये, वेल गुदमरते.
दोनच शब्द लावावेत, तिसरा आला की भांडण.
माफीनाम्याला नको. निधनवार्तेला तर नकोच.
या अक्षरांना हळू बोलता येत नाही.

'ळ'पाशी अडले.
वेल काढून पाहिली त्याच्या पोटात, सावली दिली.
सगळ्यांसारखा दिसू लागला
आणि ओळखूच येईना.
पुसलं सगळं.

घोडबंदरला एकानं हॉटेल काढलंय,
'जुन्या काळची चव'.
पहिलं गिऱ्हाईक तेच.
पाटी लागली त्या दिवशी
हिराजीकाकांना रिक्षात घालून नेलं.
नव्वदीला टेकलेत. मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढलाय.
पाटीखाली उभे राहिले, मान वर,
त्यांच्या उंचीचा 'ळ', आत दिवे.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "उलटा हाय गो."

खिळा कोरायचा उलटा, तेव्हा छपाईत सुलटा येतो.
त्या रात्री ते घाईत होते,
सुलटाच कोरून बसले.
चाळीस वर्षं उलटा छापला,
लग्नांत, निवडणुकांत, सर्कशीत.
कुणाला कळलं नाही.
मलाही.

"फिरवून घेऊ?" मी विचारलं.
काका खिशात चष्मा शोधत होते.
"त्यानं पैसं दिलं का तुला?"
दिले म्हटलं.
"मंग चल. मिसल खाऊ."

मिसल म्हणाले ते. मिसळ नाही.