पानामागे पन्नास सेंट

लग्नाचं लायसन्स इथे मिळत नाही,
ते समोरच्या इमारतीत.
शिकारीचा परवाना तर कोर्टातच मिळत नाही,
तो हार्डवेअरच्या दुकानात, गळ आणि गांडुळांच्या शेजारी.
इथे फक्त फौजदारी.
हे मी दिवसातून नऊ वेळा सांगते
काचेला पाडलेल्या भोकांतून,
आणि काचेवरची पाटी उरलेलं सांगते:
आम्ही कायद्याचा सल्ला देत नाही.

बावीस वर्षं दिलेला नाही.
तारीख, जामीन, दंड, शिक्का.
एकाने हप्ता कॉफीच्या डब्यातून आणला होता, सगळी चिल्लर.
मोजून घेतली, पावती दिली.
डबा परत मागितला त्याने,
तोही दिला.

गुरुवारी पावणेपाचला व्हर्लीन हॅटमेकर आली.
दारातल्या यंत्रात बक्कल दोनदा वाजलं,
म्हणून पट्टा हातातच होता, मेलेल्या सापासारखा.
"मुलाची फाइल हवी.
थोरल्याची नको, तो ओहायोत आहे, सुखात आहे.
धाकट्याची. रॉयसची."
केस नंबर तिला पाठ होता,
वर्षासकट, मधल्या रेघेसकट.

एकतीस पानं भरली.
पानामागे पन्नास सेंट, मी म्हटलं,
उठावाचा शिक्का हवा तर वर पाच डॉलर.
तिने नोटांच्या घड्या उलगडल्या
खिडकीखालच्या थंड फरशीवर, तळव्याने सपाट केल्या.
सात डॉलर.
नुसतं बघायला पैसे पडत नाहीत, मी म्हटलं.
(हा सल्ला नव्हे. ही माहिती.)

मग ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली
आणि एकतिसातली चौदा निवडू लागली.

मी बघत होते. बघायला नको होतं.
आरोपपत्र तिने पालथं घातलं.
अटकेचा फोटो बराच वेळ धरला,
नखाने त्याच्या कॉलरवरचं काहीतरी खरवडलं,
ते छपाईतलंच होतं; मग तोही पालथा.
न्यायाधीशांच्या सहीची पानं
ताटातली कारली सरकवावीत तशी कडेला.
वकिलाने मागितलेली मुदतवाढ मात्र घेतली, तिन्ही पानं.
"हे चार आठवडे तो घरी होता," काचेकडे बघून म्हणाली,
"पोर्चची पायरी नवी बसवली."

शेवटी हाताला लागलं गरिबीचं प्रतिज्ञापत्र,
फुकट वकील मिळावा म्हणून भरतात ते.
डावीकडे कललेलं अक्षर, पेन्सिलीचं असावं इतकं फिकट.
घर: नाही.
बँकेत: नाही.
वाहन: बोट एक, मोटर बंद.
आपल्यावर अवलंबून असणाऱ्या व्यक्ती: आई.
आणि रकाना संपला तरी, समासात:
तिला हे सांगू नका.

"अवलंबून!" ती मोठ्याने म्हणाली. "मी!
त्याचं लाइटचं बिल कोण भरत होतं?"
रांगेतला माणूस वळून बघू लागला.
ती हसली, नाक पुसलं,
आणि पानं मोजली.
पंधरा.

पुन्हा मोजली. पंधराच.
मी ड्रॉवरमधल्या माझ्या पर्सकडे हात नेला, तेवढ्यात
मुदतवाढीचं मधलं पान तिने काढून ठेवलं.
"जाऊ दे," म्हणाली,
"पायरी तशीही मोडलीच पुन्हा."

चौदा पानं. सात डॉलर. पावती.
पट्टा कमरेला बांधला नाहीच,
पानांच्या गुंडाळीभोवती आवळला, आणि गेली.
फाइल परत क्रमाने लावायला पाच वाजून गेले.
प्रतिज्ञापत्र चौथं असतं,
आरोपपत्राच्या मागे, फोटोच्या पुढे.

आज सकाळी एक पोरगी आली,
हातात गॅस स्टेशनवरची कार्नेशन्स,
मागे नवरदेव, घट्ट बुटांत अवघडलेला.
समोरच्या इमारतीत, मी म्हटलं,
आणि भोकांतून, ती पाठमोरी झाल्यावर:
बाहेरची दुसरी पायरी हलते,
जपून.