येतो

येळ्ळूरच्या पहिल्या गाडीनं येतो मी.
पाटी कानडीत, वाचता येत नाही,
मागच्या चाकावरचा पोचा बघून चढतो.
दुसऱ्या रेल्वे गेटला उतरायचं,
फाटक पडलेलं असलं तर वाकून पलीकडं.
खिडकीच्या गजाला ती लोंबकळत असते,
एका पायात मोजा, दुसरा कुठं ते तिलाच ठाऊक.

बाटल्या उकळतो. नाचणीचं सत्त्व ढवळतो,
गुठळी झाली की थुंकते माझ्या पदरावर.
नखं ती झोपल्यावर कापायची,
एका झोपेत एकच हात होतो.
दुसरा उद्या.

नाव ऋजुता.
माझ्या तोंडात बसंना, मी रुजू केलं.
साहेब हसले, "भरमाक्का,
कामावर रुजू कोण झालं, तुम्ही का ही?"
दोघी, म्हटलं. एकाच आठवड्यात.

परवा ताटावर बसून म्हणाली,
"मी नाय खातो."
वहिनी पुण्याच्या. चमचा खाली ठेवला.
"खाते म्हणायचं, राणी. मुली खाते म्हणतात."
मग माझ्याकडं न बघता,
"मावशी, तिच्यासमोर जरा नीट बोलत चला."

नीट.
माझी आई "येतो गे" म्हणून भांगलायला जायची.
सासू "आता जातो" म्हणाली आणि खरंच गेली.
आमच्यात बाया जातो, करतो, बाळंत होतो,
आणि अजून तरी कुणाला
बाई का बाप्या, असा घोळ पडलेला नाही.

तरी दिवसभर जीभ आवरली.
नळाला सांगितलं, धुते.
दोरीला सांगितलं, वाळत घालते.
दूध सांडलं तेव्हा, पुसते हं, पुसते.
दुसऱ्याची चप्पल घालून चालल्यागत,
एक नंबर लहान.
रुजू माझ्या पाठीमागं वाकून बघायला लागली,
कोण बोललं?

सहाला पिशवी खांद्याला लावली.
"येते हं, रुजू."
तिनं गज धरला. हात हलवंना.
"टाटा कर," वहिनी म्हणाल्या, "मावशी चालल्या."
खालचा ओठ बाहेर आला नुसता.

तिकडं फाटकाची घंटा सुरू झाली.
आता गाडी आडवी गेली की माझी बस चुकणार.
वहिनींनी मोबाईलात मान घातली तेवढ्यात
मी खाली वाकलो,
तिच्या कानात आमचं जुनंच म्हटलं.

तिनं गज सोडला.
"ये," म्हणाली.