घट

सेमिनारला माझ्या वाट्याला आला
कातालोनियाचा तो म्हातारा.
नाव मला नीट म्हणता येईना, सरांनाही.
राजारामपुरीतल्या खोलीवर चार रात्री त्याची पानं चाळली:
लग्न नाही. दाढी. कडक उपास.
एक देऊळ, हयातीत पुरं न झालेलं.
आणि बाप तांबट.
इथं मी थांबले,
शनिवारी हुपरीची एसटी धरली.

अण्णा पाटावर, चिमट्यात कडी, ओठांत फुंकणी.
"चार दिवस साखळ्या पाहिजेत."
फुंकणी निघाली नाही. नुसत्या भुवया वर.
सांगितलं मग: हा माणूस छताला साखळ्या टांगायचा,
जिथं भार तिथं छऱ्यांच्या पुरचुंड्या,
आणि ते सगळं उलटं करून बघायचा.
लोंबतं ते उभं राहायचं.

"मेला कसा?" डाग देता देता रत्नाक्कानं विचारलं.
ट्रामची धडक. कपडे इतके जुनेर
की लोक भिकारी समजले.
अण्णांनी फुंकणी काढली.
"हात बगायचं हुतं की त्येंनी."

माडीच्या तुळईला साखळ्या बांधल्या,
छऱ्यांऐवजी घुंगरं.
खाली आईच्या कपाटाचा आरसा आडवा.
आरशात कमानी उभ्या राहिल्या,
एकीच्या खांद्यावर दुसरी,
मधे पंख्याचा हुक, कळसासारखा.
अण्णा गुडघ्यावर वाकले, चष्मा कपाळावर.
बराच वेळ काही नाही.
मग एक घुंगरू उचलून
दोन कड्या पलीकडं अडकवलं.
अख्खं देऊळ हललं,
किणकिणलं,
परत बसलं. आधीपेक्षा सरळ.
"साकळी खोटं बोलत न्हाई," म्हणाले,
"वजान सांगील तशी वाकती."

कॉलेजात पुन्हा टांगलं. सरांनी बी प्लस दिला,
म्हणाले, सादरीकरणात संदर्भ कमी आहेत.

बुधवारी माल परत. आग्र्याची ऑर्डर होती.
काट्यावर देऊळ घातलं:
दोन किलो एकशे अडतीस.
नेताना एकशे चाळीस होतं.
पुन्हा घातलं. तेवढंच.
पिशवी झटकली, ओढणी झटकली,
एसटीच्या सीटखालचं कोण झटकणार.

अण्णांनी वही ओढली.
घट: दोन ग्रॅम, घुंगरू एक.
कारणाच्या रकान्यात ते नेहमी 'झाळ' लिहितात,
किंवा 'भट्टी'.
पेन थोडा वेळ कागदावर टेकून राहिलं,
शाईचा ठिपका पडला.
मग त्यांनी लिहिलं, 'देऊळ',
आणि पुढची कडी चिमट्यात धरली.