स्वल्पविराम मोठ्याने म्हणावा लागतो

अंबडची रात्रपाळी उतरून तुषार पगार येतो,
हाताला ग्रीसचा वास, डोळ्यांत झोप,
आणि वही उघडतो सतराव्या प्रकरणावर.
मी बोलते. तो लिहितो.
बोटं गेली तेव्हा कळलं
की स्वल्पविरामालाही आवाज असतो.
तिने दार लावलं स्वल्पविराम
मग पुन्हा उघडलं पूर्णविराम.
बोरस्तेकाकू भिंतीपलीकडून विचारतात,
कोण गं विराम पावलं?

सिव्हिल हॉस्पिटलच्या कागदावर मी अठ्ठ्याहत्तर टक्के आहे.
शाळेत एवढे कधी पडले नव्हते.
उरलेल्या बावीसमध्ये काय आहे, कुणी विचारलं नाही.
तिथूनच तर सगळी पात्रं येतात.
नाही, हे खोटं. वाक्य बरं वाटलं म्हणून आलं.
पात्रं अठ्ठ्याहत्तरातूनही येतात.
खिडकीशी नऊ तास बसणाऱ्या बाईला
गल्लीतली जेवढी लफडी कळतात
तेवढी चालणाऱ्यांना कळत नाहीत.

आईच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो.
भाऊ पाण्यात उतरला, माझी खुर्ची वर, पायऱ्यांशी.
कुणीतरी मांडीवर पाचाचं नाणं ठेवलं.
तोवर माझ्या दोन कादंबऱ्या छापून झाल्या होत्या.
परत द्यायला हात उचलेपर्यंत
माणूस गर्दीत गेला.
नाणं मी ठेवून घेतलं.
प्रकाशकापेक्षा वेळेवर आलं होतं.

पुरस्कार पहिल्या मजल्यावर होता.
लिफ्ट होती. तिच्यात सतरंज्या रचल्या होत्या.
चार कार्यकर्त्यांनी खुर्ची उचलली
आणि एकाने, देवाशप्पथ, हर हर महादेव म्हटलं.
वरून लोकांची टकलं दिसतात.
पालखीतल्या देवाला रोज हेच दिसत असणार.
सूत्रसंचालक म्हणाले, कुमुदिनी अहिरराव,
ज्यांनी अपंगत्वावर मात करून...
मात बुद्धिबळात करतात, दादा.
आम्ही दोघं एका ताटात जेवतो,
आणि त्याची भूक माझ्याहून मोठी आहे.

मग अध्यक्ष उठले आणि म्हणाले, दिव्यांग.
टाळ्या.
दिव्य कुठलं? अंग आहे, दुखतं, थंडीत जास्त.
निफाडचा पारा उतरला की
द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटतात.
माझ्या मांड्यांसाठी अजून कुणी धूर केलेला नाही.

सटाण्याहून एका वाचकाचं पत्र आलं:
ताई, तुमची कुबड्यांवरची लीलाबाई
सुनेच्या पाटल्या चोरते
आणि शेवटपर्यंत सापडत नाही!
निदान तुम्ही तरी असं लिहू नये.
मी कळवलं, निदान मी तरी लिहावं.
इतरांनी आम्हाला देव केलं, धडा केलं,
शेवटच्या प्रकरणात बरं केलं नाहीतर मारलं.
साधी चोरी करायची मुभा कुणी दिली?
त्यांचं उत्तर आलं नाही.
लीलाबाई अजून पाटल्या घालते.

पुरस्काराच्या पैशांतून इमारतीला रॅम्प केला.
सोसायटीच्या सभेत दोन तास भांडण,
एका स्कूटरची जागा जाते म्हणून.
आता त्यावरून गॅसचे सिलिंडर गडगडतात,
बोरस्तेकाकूंचा गुडघा चढतो,
पोरं ब्रेक न लावता सायकली सोडतात.
स्कूटरवाल्याची बायको गेल्या महिन्यात
बाळंत होऊन त्यावरूनच आत आली.
मी काही बोलले नाही.
बघत मात्र होते.

सन्मानचिन्ह पितळी आहे, जड.
वाऱ्याने दार आपटू नये म्हणून
उंबऱ्याशी ठेवलंय.

आज वाक्याच्या मध्येच तुषारला डुलकी लागली.
पेन वहीवर टेकलेलं,
निळा ठिपका हळूहळू मोठा होत चाललेला.
हाक मारली नाही.
वाक्य तोंडात धरून बसले,
गरम घास धरतात तसं.
बऱ्याच वेळाने दचकून म्हणाला,
हं ताई, पुढे?
आधी पाणी पी, म्हटलं.
त्याने तेही लिहून घेतलं.