साकव

फळ्यांमधली फट आठ मिलिमीटर.
जोंधळ्याचे दोन दाणे शेजारी शेजारी मावतील एवढी.
पाऊस खाली जावा, काठीचं टोक जाऊ नये.
फळ्या आडव्या, चालीला काटकोनात,
उभ्या घातल्या तर चाक फटीत शिरतं
आणि माणूस राहतो दलदलीच्या मधोमध
हाका मारत.
चढ वीसास एक. कडेला चार बोटं उंच पट्टी.
हे सगळं मला पाठ होतं.
ट्रेगॅरनला आले तेव्हा नुसतं पाठच होतं.

इथली जमीन, जमीन नव्हे.
हजारो वर्षं शेवाळ शेवाळावर मरत आलंय.
त्याला हे लोक पीट म्हणतात,
मला अजून पीठ ऐकू येतं,
आणि पाय ठेवला की खरंच सैल भिजवलेल्या कणकेसारखं
ते आत घेतं, सावकाश, राग न धरता.
हेविन सुतार सहा मीटरची कांब खुपसून दाखवतो:
तळ लागत नाही. आता काय करायचं, बाई?
आता खांब रोवायचे नाहीत. तरंगायचं.
रुंद पाट टाकायचे, वजन वाटून द्यायचं,
कुणा एकावर येऊ द्यायचं नाही.

एरवेनने एकोणतीस वर्षं या दलदलीभोवती टपाल वाटलं.
भोवती. आत कधीच नाही.
आतल्यांना पत्रं येत नाहीत, म्हणते.
आता चाकांची खुर्ची आहे
आणि टपाल तिच्याकडे येतं,
बहुतेक दवाखान्याच्या तारखा.

पहिले चाळीस मीटर झाले तेव्हा तिलाच बोलावलं.
खडखडत गेली टोकापर्यंत, माझ्या लाडक्या सज्जापर्यंत.
बराच वेळ काही बोलली नाही.
मला वाटलं, भारावली.
"कठडा छान आहे," ती म्हणाली.
"लार्च ना? गाठी मोजल्या मी. चौदा."

मी तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसले.
डोळ्यांसमोर आडवी फळी.
वर आभाळ, खाली चिखल,
आणि मधलं सगळं, रानकापूस, काळं पाणी,
कुठूनतरी ओरडणारा कर्ल्यू,
त्या फळीच्या पलीकडे.
अकराशे मिलिमीटर. नियमात चोख बसणारी.

आमच्या वहाळावर साकव होता.
दोन पोफळी, तिसरी अर्धीच, धरायला वेल.
आम्ही पोरं त्यावरून धावायचो.
द्वारकाआते अलीकडे बसायची, पाय आकसलेला,
आमच्या चपला राखत.
पलीकडे काय असतं गो?
काही नाही आते, फणस.
तिला ते पटत असणार,
असं धरून मी किती वर्षं काढली,
किती साकव आखले,
पगारही घेतला.

कठड्याचा माथा उतरवला.
हेविनने तारा ताणल्या, बारीक,
पावसाचे थेंब ओळीने धरतील अशा.
पण एरवेनला आणखी एक हवं होतं:
सज्जाच्या खूप अलीकडे, वळणाच्याही आधी,
खुर्ची फिरेल एवढी ऐसपैस जागा.
इथे कशाला? पाटी नाही, बाक नाही,
बघण्यासारखं काहीच नाही.
"टोकाला सगळेच थांबतात," ती म्हणाली,
"आणि माझ्याकडे बघतात."

तर ती जागा केली. दीड मीटर बाय दीड मीटर.
ती आली, ब्रेक लावला,
फळ्यांचा खडखडाट बंद झाला.
कडेच्या पट्टीला लागूनच दवबिंदूचं रोप होतं, लालसर,
त्याच्या चिकट पानावर एक माशी,
अजून पाय हलवणारी.
एरवेन वाकून तिच्याकडे बघत बसली.
मग वर न पाहता मला म्हणाली, तू हो पुढे.

संध्याकाळी नकाशात त्या चौकोनाला नाव द्यायचं होतं.
मी पेन्सिलीने मराठीत लिहिलं: थांबा.
हेविन म्हणाला, हे काय?
म्हटलं, आमच्याकडे बसचा असतो तसा.
बस येणार इथे?
नाही.
"मग बरोबर आहे," म्हणाला,
आणि उरलेले स्क्रू मोजायला लागला.