उजेडाचा बाप

या गावात नदी काळी वाहते.
शंभर वर्षं तिच्यात मँगनीज धुतलं,
म्हणून बाप्तिस्म्याला पाणी नळाचं,
तेही नवाच्या आत भरायचं. नंतर जातं.

खातुनाची मुलगी इआ. सात महिने, दोन दात.
धर्मपिता कोण, यावर अख्ख्या जिन्याचं एकमत:
झाऊर, वायरमन, वय बासष्ट.

मी वहीत शब्द टिपतो, परक्या भाडेकरूला दुसरं काय काम.
इथे बाप्तिस्म्याला नाथ्लोबा म्हणतात.
नाथेली म्हणजे उजेड.
मूल पाण्यातच बुडवतात,
पण म्हणताना उजळलं म्हणतात.
धर्मपिता तो नाथ्लीमामा,
आणि मामा म्हणजे यांच्याकडे बाप.
"आईचा भाऊ नव्हे," खातुनाने दोनदा बजावलं.
उजेडाचा बाप.

माझा शब्द मिशनऱ्यांच्या पेटीतून उतरलेला,
त्याआधी ग्रीक रंगाऱ्यांच्या हौदातून:
कापड बुडवून काढलं
की परत कोरं होत नाही, एवढंच.
लहानपणी नगरच्या देवळात मला वाटायचं,
बाप्तिस्म्यात बाप आधीच येऊन बसलाय
आणि मागची जोडाक्षरं
अजून अंग पुसताहेत.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात इथे वीज नव्हती.
लोकांनी आधी दारं जाळली, मग कुणीतरी पियानो.
झाऊरने बंद खाणीच्या पंपावरून
एक तार चोरून ओढली,
घराला एक बल्ब, रात्री आठ ते दहा.
त्या दोन तासांत, पावणेदहाला,
खातुना जन्मली.
यांच्याकडे पापाला त्सोद्वा म्हणतात,
आणि कुणाची कीव आली तरी
जवळपास तोच शब्द तोंडात येतो.
त्या चोरीला यातलं कुठलं लावायचं,
मी वहीत जागा सोडली आहे.

फादर बेसारिओनने विचारलं,
"आणि तुझा स्वतःचा?"
झाऊर टोपी फिरवत राहिला.
बाप पक्षाचा माणूस होता त्याचा.
घरात मेणबत्तीसुद्धा
फक्त वीज गेल्यावर.

म्हणून त्याच सकाळी, इआच्या आधी, तो.
"पाणी आणि करंट," हौदाशी थांबून म्हणाला,
"चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, एकत्र आणू नका."
सैतानाला नाकारायला तोंड पश्चिमेकडे करतात.
पश्चिमेला सबस्टेशन.
तो तीनदा थुंकला,
जरा जास्तच मनापासून.

मग डोक्यावर पाणी. मग आणखी. मग तिसऱ्यांदा.
ओरडला नाही. फक्त इतका लहान दिसला
की खातुनाने टॉवेल
बाळाचाच पुढे केला.

त्याचा उजवा तळवा एकोणऐंशी साली जळालेला,
त्यावर एकही रेषा नाही.
ना आयुष्याची, ना भाग्याची.
फादरने तिथे तेलाचा क्रूस काढला,
आणि त्या हातावर इतक्या वर्षांनी
काहीतरी उमटलं.

वहीत माझ्याकडचे शब्द होते: कृपा, पश्चात्ताप, तारण.
तारण आमच्याकडे बँकेतही लागतं,
काहीतरी गहाण ठेवल्याशिवाय उभंच करत नाहीत.
इथला कृपेचा शब्द मादली.
दुकानात सुटे परत घेताना जे
मादलोबा म्हणतात, ते त्यातूनच आलेलं.
म्हणजे दिवसातून वीसदा हे लोक
कृपा तोंडातून सांडतात
आणि पाव घेऊन घरी जातात.

इआ मात्र खूप रडली.
झाऊरच्या ओल्या कानशिलात तिने एक ठेवून दिली.
तो म्हणाला, "बरोबर आहे."

परत आलो तर जिन्यातला बल्ब गेलेला.
सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.
पांढरा सदरा, केस अजून निथळते,
बाळ खांद्यावर झोपलेलं.
"हात ओले आहेत," तो म्हणाला. "उद्या बघतो."

मग चार मजले आम्ही अंधारातच चढलो,
कठडा चाचपत,
तो सगळ्यांच्या पुढे,
पायऱ्या मोठ्याने मोजत.