साय

डफळापूरच्या वरच्या माळावर, पवनचक्क्यांच्या पायाशी
आमचे बत्तीस पंखे. जाळीमागे, ओळीनं.
एवढा वारा असताना वर पंखे कशाला,
असं विचारून एकजण मेंढरं हाकत पुढं गेला.
त्याला द्यायचं उत्तर मी अजून जुळवतोय.

काम असं: हवा आत ओढायची,
दहा हजारांतले चार कण वेचायचे,
उरलेले नऊ हजार नऊशे शहाण्णव
जसेच्या तसे माळाला परत.
तांदूळ निवडणाऱ्या बाईला सांगून बघा,
पोत्यात चार खडे आहेत, शोध,
आणि विजेचं बिल तू भर.

आत चुना असतो. तो पितो, पिऊन दगड होतो.
भाजला की ओकतो, पुन्हा चुना.
ओकलेलं नळीतून खाली काळ्या पत्थरात,
हजार हात खोल.
तिथं ते थिजतं म्हणे. मी पाहिलेलं नाही.
शांभवी मॅडमच्या टेबलावर एक तुकडा आहे,
काळ्यावर पांढऱ्या शिरा.
पाहुणे तो तळहातावर तोलतात, फोटो काढतात
आणि टन विकत घेतात.
कुठल्याशा विमान कंपनीनं मागच्या महिन्यात चाळीस घेतले.
बसगोंडा म्हणाला, न्यायला कधी येणार? ट्रक सांगू?
न्यायचं नसतं रे. इथं गाडलेलं त्यांचं,
तिकडं उडवलेलं त्यांचंच. वजाबाकी.
तो कानडीत काहीतरी पुटपुटला.
मराठीत त्याला चुना लावणं म्हणतात.
मी म्हणालो नाही. पगार सात तारखेला होतो.

आम्ही लोणारी.
आजा गेनबा खालच्या ओढ्यातली चुनखडी भाजायचा.
माझ्या कामाच्या नेमकं उलट:
दगड आत, वायू बाहेर.
उतरलेल्या प्रत्येक भट्टीला भिंतीवर कोळशाची एक रेघ.
भट्टी ढासळली, भिंत आहे.
रेघा मोजल्या. तीनशे बारा.
रात्रपाळीत लॉगबुकाच्या मागच्या पानावर हिशेब मांडला:
भट्टीमागं चार टन, नुसते दगडातले, लाकडं वेगळी.
बाराशे अठ्ठेचाळीस.
आमचं यंत्र दिवसाला दोन टन ओढतं,
बंद पडलं नाही तर. पडतं.
म्हणजे आजाचा जन्म हवेतून परत आणायला
एक वर्ष, साडेआठ महिने.

मॅडमना पान दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला.
"तो चुना गेला कुठं?"
कुठं म्हणजे? विहिरीच्या बांधकामात. शाळेच्या भिंतींवर.
बिरोबाच्या देवळाला, दर दिवाळीला घराघराला.
"मग बराचसा त्यानंच परत घेतला असणार.
भिंत वाळते तेव्हा काय होतं, वाटलं तुम्हाला?"

काही वाटलं नव्हतं.
सातवीपर्यंत त्याच भिंतीला पाठ टेकून बसलो,
सदऱ्याला पांढरं लागलं म्हणून मार खाल्ला,
आणि ती मागं उभी राहून
गुपचूप, पंख्याशिवाय, पावती न फाडता
आजानं सोडलेलं घोट घोट पीत होती.

पान फाडलं नाही. आकड्यांवर आडवी रेघ मारली फक्त.
लाकडं राहिलीच. बाभळीचा हिशेब मला येत नाही.

पहाटे चारला वारा पडला.
पवनचक्क्या थांबल्या, मागोमाग आमचे पंखे.
एवढी शांतता की उमदीकडच्या रस्त्यावरचा टेम्पो
गिअर बदलताना ऐकू आला.
उगाच मीटर तोंडाशी धरून फुंकर मारली.
चारशे बावीसवरून आकडा पळत सुटला,
मग पडद्यावर मावेना, नुसत्या रेघा.
बसगोंडा हसला. तंबाखू मळायला डबी शोधू लागला.

सापडली. संध्याकाळपासून उघडीच राहिली होती,
पॅनेलच्या कडेवर.
चुन्यावर पातळ साय धरलेली,
नख लावलं की कुरकुरणारी.
त्यानं ती बाजूला सारली, खालचा ओला घेतला.

पंखे बंद: ३.५८ ते ५.२०, मी लिहिलं.
पकडलेला वायू: शून्य.
डबीसाठी रकाना नाही.